गाडी सुरू झाली की जाऊ

सुट्टीचं सगळं ठरलेलं असतं. रेल्वेची तिकिटं हातात असतात, हॉटेलला आगाऊ पैसे पोचलेले असतात, शेजारच्या वहिनींना तुळशीला पाणी घालायला सांगून झालेलं असतं. आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘अहो, पण तिथलं ते बंद आहे म्हणे!’ ते म्हणजे काहीही असू शकतं. बोटिंग असेल, रोपवे असेल, पोहण्याचा तलाव असेल, नाहीतर ज्यासाठी निघालो ती लेणीच असतील. अशा वेळी जायचं की सगळं सुरू होईपर्यंत थांबायचं? प्रश्न वरवर किरकोळ आहे. पण जालन्यातल्या आमच्या घरात त्यानं चांगले दोन तट पाडले होते, आणि शेवटी जो निर्णय झाला तो माझा होता आणि तो चुकला. कसा चुकला ते सांगतो, म्हणजे तुमचा चुकणार नाही.

आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, रेल्वेत सांधेवाले होते. जालन्यावरून तेव्हा मीटर गेजची गाडी जायची, मनमाड ते सिकंदराबाद. निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास घातलेला तो मार्ग. नव्वदच्या दशकात तो ब्रॉडगेज झाला आणि १९९५ साली दादा निवृत्त झाले. सगळं आयुष्य एक मीटर रुंदीच्या रुळांवर गेलेल्या या माणसाची एकच हौस राहिली होती. माथेरानची दोन फुटी गाडी बघायची, नुसती बघायची नाही, नेरळपासून वरपर्यंत बसून जायचं. ‘ती आपल्या गाडीची नात आहे,’ असं ते म्हणत.

गाडीही तशीच आहे. मुंबईच्या आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं स्वतःचे पैसे घालून ती बांधली. अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी १९०४ साली काम सुरू केलं आणि १९०७ साली गाडी धावली. अंतर वीस-एकवीस किलोमीटर. नेरळ जवळजवळ समुद्रसपाटीला आणि माथेरान सुमारे आठशे मीटर उंचीवर. काही ठिकाणी वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, इतका चढ. मध्ये जुम्मापट्टी, मग वॉटर पाइप, मग अमन लॉज आणि शेवटी माथेरान. गावात मोटारींना बंदी असल्यामुळे रस्त्यानं गेलात तरी दस्तुरी नाक्याला गाडी सोडावी लागते. पुढे पायी, घोड्यावर, आम्ही गेलो तेव्हा हातरिक्षातही, किंवा जवळच्याच अमन लॉज स्टेशनवरून या छोट्या गाडीत.

२०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण जाणार होतो. दादा बावीस कमी शंभरचे, म्हणजे अठ्ठ्याहत्तर, असं ते स्वतः सांगत. खरं वय ब्याऐंशी. मी, आमच्या सौ., पुण्याहून मुलगा, सूनबाई आणि आठ वर्षांचा नातू. रात्रीच्या देवगिरीनं पहाटे कल्याण, तिथून कर्जत लोकलनं नेरळ, असा बेत. आणि मग कळलं, की त्या पावसाळ्यात घाटातला रूळमार्ग जागोजागी वाहून गेला आहे आणि गाडी बंद आहे.

इथून वाद सुरू झाला. मुलगा म्हणाला, ‘टॅक्सीनं दस्तुरीला जाऊ, हवा तीच आहे, डोंगर तेच आहेत.’ सौ.चं म्हणणं, ‘दादांना घेऊन निघालोय ते गाडीसाठी. गाडीच नसेल तर आठशे मीटर चढून काय तिथला चहा प्यायचा?’ दादा काही बोलले नाहीत. मी भूगोलाचा मास्तर, घरातला कर्ता. मी जाहीर केलं, ‘मार्चपर्यंत रूळ दुरुस्त होतील. उन्हाळ्यात जाऊ. गाडी सुरू झाली की जाऊ.’

आता यात चूक कुठे होती? थांबण्यात नव्हती. चूक ‘मार्चपर्यंत’ या शब्दात होती. तो शब्द मी कुठून आणला, हे आजही मला सांगता येत नाही.

बंद असलेल्या गोष्टी एका जातीच्या नसतात, हे त्यावेळी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. काही गोष्टी पंचांगासारख्या बंद होतात. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. ताडोब्याचा गाभ्याचा भाग १ जुलैपासून सप्टेंबरअखेर बंद. माथेरानची गाडीसुद्धा घाटातल्या दरडींच्या भीतीनं दर पावसाळ्यात जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत बंदच असते. इथे विचार करायला काही नाही. बंद होण्याची तारीख ठाऊक आहे, उघडण्याची साधारण ठाऊक आहे. तेवढे दिवस थांबावं, वाटल्यास आठवडाभर जास्त, कारण उघडण्याची तारीख दोन-चार दिवस मागेपुढे होते.

काही गोष्टी हुकमानं बंद होतात. करोनाच्या काळात हे आपण पोटभर पाहिलं. अजिंठा-वेरूळ मार्च २०२० मध्ये बंद झाली ती १० डिसेंबर २०२० ला उघडली आणि पुढच्या लाटेत पुन्हा बंद झाली. अशा बंदीचा अंदाज कुणी बांधू नये. हुकूम निघतो त्या दिवशी उघडतं, आणि उघडतानाही अर्धंमुर्धं उघडतं.

तिसरी जात दुरुस्तीची. ही सगळ्यांत फसवी, कारण इथे प्रत्येक जण तारीख सांगतो आणि ती तारीख मनापासून सांगतो. हॉटेलवाला सांगतो, टॅक्सीवाला सांगतो, बातमीतही ‘लवकरच’ असतं. अशा वेळी तोंडी तारखांपेक्षा मागचा इतिहास बघावा. आमचं माथेरानच घ्या. २६ जुलै २००५ च्या महापुरात हा मार्ग उद्ध्वस्त झाला, तो पुन्हा सुरू झाला मार्च २००७ मध्ये. म्हणजे वीस महिने. मे २०१६ मध्ये आठवड्याभरात दोनदा डबे रुळांवरून घसरले, गाडी थांबवली. त्यावेळी तर रूळ वाहून गेले नव्हते, प्रश्न ब्रेकचा आणि कठड्यांचा, सुरक्षेचा होता. तरी अमन लॉज ते माथेरान एवढा वरचा तुकडा ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस सुरू झाला आणि नेरळपासूनची पूर्ण गाडी जानेवारी २०१८ मध्ये. पुन्हा वीस महिनेच! शाळेत मी पोरांना पर्जन्यमानाची मागच्या वर्षांची सरासरी काढायला लावायचो. घरात मात्र पाच मिनिटं बसून हा हिशेब केला नाही. केला असता तर ‘मार्च २०२०’ ऐवजी ‘२०२१ चा उन्हाळा’ असं उत्तर आलं असतं, आणि ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला इतकं थांबवायचं का, हा खरा प्रश्न त्याच संध्याकाळी समोर आला असता.

प्रत्यक्षात किती लागले? २२ ऑक्टोबर २०२२ ला नेरळची गाडी पुन्हा वर गेली. तीन वर्षांहून जास्त.

यात आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. अर्धवट सुरू होतं तेव्हा कोणता अर्धा भाग आधी सुरू होतो? माथेरानला २०१७ मध्ये वरचा तुकडा आधी सुरू झाला. २०१९ मध्येही डिसेंबरअखेर अमन लॉज ते माथेरान गाडी धावू लागली होती. कारण उघड आहे. तो पठारावरचा भाग, तीन किलोमीटरच्या आतला. दरडी खालच्या घाटात कोसळतात. शिवाय वर राहणाऱ्या माणसांचं त्याच्यावाचून अडतं. ज्या गावात मोटार येत नाही, तिथे शाळेत जाणारं पोर, दवाखान्यात निघालेली म्हातारी यांना ती गाडी लागते. पाहुण्यांची मौज नंतर. आपण ‘सुविधा अजून पूर्ण नाहीत’ म्हणून तोंड वाकडं करतो, तेव्हा हा क्रम लक्षात ठेवलेला बरा. जालन्याच्या माणसाला तर हे समजावं लागू नये. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे हंडे घेऊन धावलेली आम्ही माणसं. कुठल्या हॉटेलचा पोहण्याचा तलाव पाण्याअभावी कोरडा आहे म्हणून आम्ही तक्रार करायची म्हणजे गंमतच.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण बरीच मंडळी या हिशेबावरच अडतात. आमची सहा स्लीपरची तिकिटं होती. त्यावेळच्या नियमानं अठ्ठेचाळीस तासांच्या आधी रद्द केल्यामुळे माणशी एकशेवीस रुपये कापले गेले. जाण्या-येण्याचे मिळून चौदाशे चाळीस. हॉटेलवाल्यानं आगाऊ रक्कम परत केली नाही, पण तारीख बदलून देतो म्हणाला. ते मी त्याच्याकडून लिहून घेतलं, मुदत न घालता. एवढी एकच गोष्ट मी त्या प्रकरणात शहाणपणानं केली. बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांची मुदत असते, आणि दुरुस्तीचं काम सहा महिन्यांत उरकत नाही हे आपण आत्ताच पाहिलं.

फोनवर चौकशी कशी करावी, हेही मी ठेच लागून शिकलो. ‘सगळं सुरू आहे ना?’ असं विचारलं की पलीकडून ‘हो साहेब, सगळं सुरू आहे’ हेच येतं. तो माणूस खोटं बोलतो असं नाही. त्याच्या दृष्टीनं हॉटेल सुरू आहे म्हणजे सगळं सुरू आहे. प्रश्न असा विचारावा, की उत्तर देताना त्याला खिडकीतून बाहेर बघावं लागेल. आज सकाळची गाडी किती वाजता सुटली? काल तलावात कुणी उतरलं होतं का? रात्री नऊला पोचलो तर गरम जेवण मिळेल का, आणि कोण करतं? अशा तीन प्रश्नांत चित्र स्पष्ट होतं.

आणि त्याआधी घरात एक प्रश्न विचारावा, जो मी विचारलाच नाही. प्रत्येकाला तिथे नेमकं काय हवंय? नंतर कधीतरी मी विचारलं तेव्हा मजा झाली. नातवाला तलावात डुंबायचं होतं. सूनबाईंना कुणीही हाक मारणार नाही अशी दुपार हवी होती. सौ.ला तीन दिवस स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नव्हता. म्हणजे गाडी बंद असल्यानं सहापैकी फक्त दादांचं अडत होतं. पण ज्याचं अडत होतं त्याच्याकडेच थांबायला वेळ सगळ्यांत कमी होता. आठ वर्षांच्या पोराची सहल दोन वर्षं पुढे गेली तर ते दहा वर्षांचं होतं. ब्याऐंशीच्या माणसाची गुडघेदुखी तेवढ्या काळात कुठे जाते, ते घरोघरी ठाऊक आहे. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, वरच्या वर जेवढी चालते तेवढीत बसवा. रूळ तर तोच आहे.’ हे त्यांनी मला २०२१ मध्ये सांगितलं.

मधल्या काळात काय झालं ते सांगायला नको. मार्च २०२० मध्ये आख्ख्या देशातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. निम्मी गाडी आणि पूर्ण गाडी यात जो भेद मी करत बसलो होतो, तो एका रात्रीत संपला.

शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये आम्ही गेलो. नेरळची गाडी बंदच होती. हॉटेलवाल्यानं दोन वर्षांपूर्वीचा कागद बघून शब्द पाळला. लोकलच्या तिकिटासाठी लशीच्या दोन डोसांचं प्रमाणपत्र दाखवावं लागलं. दादांनी ते प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवलं होतं, जुना पास ठेवावा तसं. तलाव कोरडा होता. नातवानं त्यात क्रिकेट खेळून घेतलं. सौ.ला तीन दिवस ताट हातात मिळालं. दस्तुरीला हातरिक्षावाले पुढे आले, पण माणसानं ओढायच्या गाडीत बसायला दादा तयार होईनात. (माथेरानला २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि या हातरिक्षा बंद करा असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, ते वाचताना मला तो प्रसंग आठवला.) अमन लॉजपर्यंत थांबत थांबत, माझ्या खांद्यावर हात ठेवून ते चालले. अर्धा तास लागला.

गाडीतला प्रवास वीस मिनिटांच्या आतबाहेर. डबा इतका लहान, की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे लागतात. दादा खिडकीशी बसले आणि बोलले नाहीत. माथेरानला उतरल्यावर मात्र गाडी पुढे सरकेपर्यंत थांबले, मग वाकून आपली काठी दोन रुळांमध्ये आडवी धरली. काठीवर त्यांनी घरीच दोन फुटांची खूण करून आणली होती. खूण बरोबर जुळली. ‘पक्कं आहे,’ म्हणाले, आणि चहा मागवला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळहून गाडी सुरू झाल्याची बातमी मी त्यांना वाचून दाखवली. तोवर त्यांना घरातल्या घरात वॉकर लागू लागला होता, जिना उतरणं बंद झालं होतं. त्यांनी वर्तमानपत्र हातात घेतलं, चष्मा नीट केला आणि विचारलं, ‘वॉटर पाइपला थांबते का?’ मी म्हटलं, थांबत असावी. ‘असावी नको,’ ते म्हणाले, ‘चौकशी कर.’ त्याच संध्याकाळी मी त्या हॉटेलवाल्याला फोन लावला, आणि आज सकाळची गाडी किती वाजता सुटली, इथूनच सुरुवात केली.