इंजिनातल्या खटखटीचा माग

पेणहून निघालेला भरलेला ट्रक वडखळ, नागोठणे मागे टाकून सुकेळी खिंडीच्या चढाला लागतो आणि इतका वेळ गप्प असलेला एक आवाज सुरू होतो. खट, खट, खट. चढावर इंजिनावर भार येतो, शिवाय कडेच्या कातळावर आपटून आवाज परत केबिनमध्ये येतो. कोलाड नाक्यावरून रोह्याकडे वळून धाटावच्या एमआयडीसीत माल उतरेपर्यंत ड्रायव्हरचं लक्ष त्या आवाजावरच असतं. वाजतंय तरी काय?

या प्रश्नाचं उत्तर ज्या रीतीने सापडतं ती थक्क करणारी आहे. इंजिनात शेकडो भाग एकाच वेळी हलत असतात, तरी जाणकार मिस्त्री इंजिन न उघडता बिघडलेल्या भागापर्यंत पोहोचतो. हे जमतं, कारण प्रत्येक भागाचा वेग बांधलेला असतो आणि जो भाग वाजतो तो आपल्याच ठेक्यात वाजतो.

साधा हिशोब करून पाहू. उभ्या ट्रकचं इंजिन मिनिटाला 600 फेऱ्यांवर चालू आहे, म्हणजे क्रँकशाफ्ट सेकंदाला 10 वेळा फिरतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे एकच टॅपेट ढिला असेल तर सेकंदाला 5 वेळा टकटक ऐकू येते. सहा सिलिंडरच्या इंजिनात याच वेळी सेकंदाला 30 स्फोट होत असतात. भरधाव ट्रकचा टर्बो तर मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतो, म्हणून त्याची शिट्टी होते. सेकंदाला 5 पासून दीड हजारावर, एवढा मोठा पल्ला एकाच बॉनेटखाली, आणि सरावलेला कान त्यातला एक ठेका वेगळा काढतो!

डिझेल इंजिन ठणठणीत असतानाही ठोके देतंच. 1897 मध्ये रुडॉल्फ डिझेल यांनी ऑग्सबर्गला जे इंजिन यशस्वी करून दाखवलं त्यात ठिणगी नव्हती. हवा इतकी दाबायची की ती तापून इंधन आपोआप पेटावं, हे त्याचं तत्त्व. फवारा उडाल्यावर पेट घ्यायला सुमारे सेकंदाचा हजारावा भाग लागतो. तेवढ्यात साठलेलं डिझेल एकदम पेटतं, दाब झपकन वाढतो आणि लोखंडी ब्लॉक घुमतो. मिस्त्रीला या नेहमीच्या ठोक्यांतून परका ठोका निवडायचा असतो.

त्यासाठी लांब स्क्रू ड्रायव्हर कामाला येतो. टोक इंजिनावर, मूठ कानाच्या हाडाशी. लोखंडातला आवाज हवेत सहज उतरत नाही, त्यातला 99 टक्क्यांहून अधिक भाग पृष्ठभागावरूनच आत परततो. स्क्रू ड्रायव्हर हा अडथळा टाळून त्याला थेट कवटीपर्यंत वाट करून देतो. 1816 मध्ये रेने लाएनेक यांनी कागदाची नळी रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. गॅरेजमधली तपासणी त्याच कुळातली. फक्त पंखा आणि बेल्टपासून हात, कपडे दूर ठेवायला हवेत.

पुढची युक्ती त्याहून सुंदर. जुन्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपाचा नट पान्याने किंचित ढिला करतो. तेवढ्यापुरता तो सिलिंडर पेटत नाही. ठोका गायब झाला किंवा मंदावला, तर दोष त्याच सिलिंडरच्या नोझलमध्ये, पिस्टनमध्ये किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये. आवाज तसाच राहिला, तर टॅपेट किंवा टायमिंग गिअरकडे बघायचं. आताच्या कॉमन रेल गाड्यांत हे करायचं नाही. तिथे दाब हजार बारच्याही वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. तिथे स्कॅनर सिलिंडर बंद करतो. साधन बदललं, इंजिनाला विचारायचा प्रश्न तोच राहिला.

कधी कधी दोष इंजिनात नसतोच. गाडी न्यूट्रलला असताना क्लच दाबल्यावर घरघर थांबली, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट दाबल्यावरच सुरू झाली, तर रिलीज बेअरिंगवर. थंड इंजिनात येणारी आणि तापल्यावर विरणारी टकटक पिस्टनची असू शकते, किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गळक्या गॅस्केटची. धातू तापून फुगला की फट बुजते.

रॉडच्या बेअरिंगमधली तेलाची जागा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. ती थोडी वाढली तरी ठोका ऐकू येतो. वेळेत लक्ष दिलं तर बऱ्याचदा बेअरिंग बदलून भागतं. दुर्लक्ष केलं तर तुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. पेणच्या गणेशमूर्ती भरून निघालेला टेम्पो असो की धाटावचा टँकर, त्याला हे परवडणारं नाही. म्हणून ड्रायव्हरने गॅरेजला जाताना चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात: आवाज थंड इंजिनात येतो की गरम, चढावर की सपाटीला, रेस वाढवल्यावर ठेका वाढतो का, आणि क्लच दाबल्यावर काय होतं. एवढं सांगता आलं, तर अर्धा शोध पाना उचलण्याआधीच लागलेला असतो.