उलटी : आजार नव्हे, इशारा

उलटी हा स्वतंत्र आजार नसून शरीरातील एखाद्या बिघाडाचे लक्षण आहे. त्यामुळे ती थांबवणारी गोळी परस्पर घेण्यापूर्वी कारणाचा विचार होणे आवश्यक ठरते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून उलटीच्या क्रियेचे नियंत्रण होते. जठर व आतड्यांचा दाह, रक्तात मिसळलेली विषद्रव्ये, अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा गोंधळ किंवा असह्य वेदना यांपैकी कशानेही ही क्रिया सुरू होऊ शकते. म्हणूनच दूषित अन्नाने जशी उलटी होते, तशीच ती घाटातील प्रवासात, गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत, अर्धशिशीत किंवा कर्करोगावरील औषधांमुळेही होते.

बहुतेक उलट्या एक-दोन दिवसांत आपोआप थांबतात. खरा धोका असतो तो शरीरातील पाणी व क्षार कमी होण्याचा. लहान मुले व वृद्धांना तो अधिक. उलटीनंतर दहा मिनिटे थांबून जलसंजीवनी द्यावी. तयार पाकीट नसल्यास उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. पेलाभर पाणी एकदम पाजल्यास पुन्हा उलटी होण्याची शक्यता असते. म्हणून मुलांना दर एक-दोन मिनिटांनी चमचाभरच द्यावे. तान्ह्या बाळाचे स्तनपान बंद करू नये. १९७१ मध्ये बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर असंख्य प्राण वाचवले होते.

काही लक्षणे दिसताच मात्र विलंब न करता रुग्णालय गाठावे. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट अंश, बाळाला होणारी हिरवी उलटी, तीव्र पोटदुखी, मान ताठरणे, डोक्याला मार लागल्यानंतरच्या उलट्या, छातीत दुखून घाम येणे, सहा ते आठ तास लघवी न होणे किंवा ग्लानी येणे ही ती लक्षणे होत.

विषबाधेत मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याची प्रथा घातक आहे. रॉकेल, आम्ल किंवा कीटकनाशक पोटात गेल्यास ते उलटीवाटे फुप्फुसांत शिरू शकते वा अन्ननलिका पुन्हा भाजू शकते. शिवाय अतिरिक्त मीठही जिवावर बेतते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णाला त्या द्रव्याच्या बाटलीसह तातडीने रुग्णालयात न्यावे.