पिवळ्याधमक गुळावर जाऊ नका

बारामतीच्या मंडईत गूळ घेताना गिऱ्हाईक आधी रंग बघतं. पिवळाधमक दिसला की ‘एक नंबर माल’, तांबूस-काळपट दिसला की नाक मुरडायचं. गुळाचा रंग उसाच्या वाणावर, जमिनीवर आणि काहिलीत रस किती कढला यावर ठरतो. मळी काढायला पूर्वापार भेंडीच्या खोडाचा चिकट रस आणि चुन्याची निवळी वापरतात. एवढ्यावर गूळ सहसा लखलखीत पिवळा होत नाही. तो रंग बहुतेकदा ‘हायड्रॉस’चा, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटचा असतो. गुळात सल्फर डायऑक्साइड किलोमागे ७० मिलिग्रॅमपर्यंतच चालतो, पण गुऱ्हाळात ही पावडर मुठीनं पडते तेव्हा तराजू कोण धरतो? शिवाय हा पिवळेपणा टिकत नाही. काही आठवड्यांत ढेप काळवंडते.

आता शहरातल्या दुकानांत उलटी तऱ्हा झाली आहे. काळा गूळ म्हणजे सेंद्रिय, म्हणून दर दीडपट. करपलेल्या रसाचा, शिळ्या उसाचा आणि वर्षभर पडून राहिलेला गूळही काळाच असतो. रंगावरून फार तर अंदाज बांधता येतो. खडूची भुकटी मिसळली असेल तर खडा पाण्यात विरघळवल्यावर ती तळाशी बसते. बाकी बहुतेक भेसळ घरच्या घरी सहज कळत नाही. आणि चुलाणाचंही विचारावं. त्यात चिपाड जळायला हवं. काही ठिकाणी प्लॅस्टिक आणि टायर जाळल्याच्या तक्रारी दौंड पट्ट्यातून वारंवार आल्या आहेत.

‘साखर बंद केली, गुळाचा चहा घेतो’ असं सांगणारे घरोघरी आहेत. गुळातही बहुतांश साखरच असते. लोह, खनिजं थोडी जास्त मिळतात खरी, पण मधुमेह असणाऱ्यानं त्यावर विसंबू नये. शिवाय ऊस तोच आणि पाणीही तेच.

पाण्याचा विषय निघाला की आपल्याकडे आवाज चढतात. ‘आपल्याच तालुक्यातला माल, म्हणजे पर्यावरणाला चांगला’ हा समज सुखाचा आहे, पण अर्धाच खरा. बारामती-इंदापुरात पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. उसाला त्याच्या तिप्पट-चौपट पाणी लागतं. ते येतं नीरेच्या कालव्यातून, उजनी धरणातून आणि बोअरमधून. २०२१ मध्ये उजनीचं ५ टीएमसी पाणी इंदापूरला देण्याचा आदेश निघाला, सोलापूर पेटलं आणि महिन्याभरात तो रद्द झाला. सुपे-मोरगावच्या जिरायती भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्याला हे निराळं सांगायला नको. माल किती किलोमीटरवरून आला यापेक्षा तो कशावर पिकला, पाटपाण्यावर की ठिबकवर, हे विचारणं जास्त उपयोगाचं. इथलीच रब्बी ज्वारी बऱ्याचदा जमिनीतल्या ओलीवर निघते. ती घेणं कुठल्याही ‘इको’ पाकिटापेक्षा सरस.

‘सेंद्रिय’ शब्दाबद्दल थोडंच. पाकिटावरचा एफएसएसएआय क्रमांक म्हणजे सेंद्रियाचा दाखला नव्हे. तो विक्रेत्याच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा असतो. सेंद्रियासाठी ‘जैविक भारत’चं चिन्ह शोधावं. मात्र वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा शेतकरी थेट गिऱ्हाईकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. त्याच्याकडे चिन्ह नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. शेत बघून या. आणि ज्या पिशवीतून हे सगळं घरी येतं ती रंगीत, मऊ, ‘कापडी’ म्हणून मिळणारी पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. जुन्या साडीची शिवलेली काय वाईट?

सगळ्यात घट्ट रुतलेला समज मात्र वेगळा आहे: ‘साखर सहकारी कारखान्याची, म्हणजे सगळ्यांचं भलं.’ सहकारानं ऊस पिकवणाऱ्याला उभं केलं, यात वाद नाही. तोडणाऱ्याचं काय? दिवाळीच्या सुमारास बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडायची, आजारपणात खाडा झाला तर तोही अंगावर. राहायला ताडपत्रीची खोप, अंघोळीला आडोसा नाही. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, पण दर वाढला म्हणून खोपीशेजारी संडास उभा राहत नाही.

एकट्यानं साखर सोडून यात फारसा फरक पडणार नाही. देशातली अर्ध्याहून जास्त साखर शीतपेयं, बिस्किटं, मिठाईकडे जाते. पण माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा या कारखान्यांच्या परिसरातलं गिऱ्हाईक नुसतं गिऱ्हाईक नसतं. दिवाळीला सवलतीची साखर घेणाऱ्या घरातलं कुणी तरी सभासद, म्हणजे कारखान्याचं मालकच असतं. वार्षिक सभेत उसाच्या दरावरून खुर्च्या हलतात. टोळ्यांच्या पाण्याची, संडासाची, मुलांच्या साखरशाळेची तरतूद किती, हे क्वचितच कुणी विचारतं. कायद्यानं ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. गाळप त्यानंतर सुरू होतं. प्रश्न तेव्हाच विचारला तर टोळ्या येण्याआधी काम करायला महिनाभर तरी मिळतो.