पोत्याचा विमा आहे, पाठीचा नाही

काही वर्षांपूर्वी नगर तालुक्यातील एका खासगी धान्य गोदामात थप्पी कोसळली. खाली तिशीतला एक हमाल सापडला आणि कमरेतून मोडला. चार महिने अंथरुणावर काढून तो काठी टेकत माझ्याकडे आला. वकीलपत्रावर सही घेण्याआधी मी सवयीने विचारले, हजेरीपुस्तकात नाव आहे का? तो नुसता हसला. मालक म्हणत होता, हा माझा माणूसच नाही, टोळी मुकादमाची आहे. मुकादम म्हणत होता, साहेब, मीही पाठीवर पोतीच वाहतो, मी कसला मालक! फाटलेल्या पोत्यांचा पंचनामा मात्र दुसऱ्याच दिवशी झाला होता. विमा कंपनीचा माणूस येऊन सांडलेल्या गव्हाचे वजन करून गेला होता.

हा योगायोग नव्हे. कायदाच तसा रचलेला आहे. २००७ च्या गोदाम कायद्याखाली नोंदणी हवी असेल तर मालकाला आग, पूर, चोरी यांपासून मालाचा विमा उतरवावा लागतो. मालाच्या एकेका क्विंटलची पावती असते. तो माल रचणाऱ्या माणसाची पावती कुठे आहे? १९४८ च्या कारखाने अधिनियमात शीतगृह म्हणजे कारखाना, पण साधे धान्याचे किंवा कांद्याचे गोदाम कारखाना नव्हे. त्यामुळे साखर कारखान्याच्या आवारातील गोदामापर्यंत कारखाना निरीक्षक जाऊ शकत होता. रस्त्याच्या पलीकडच्या भुसार गोदामाशी त्याचा संबंध नव्हता. पोती तीच, पाठही तीच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या. सुरक्षेची संहिता आता केवळ कारखान्यांपुरती नाही. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत धोका दूर करणे, नेमणूकपत्र देणे ही मालकाची जबाबदारी आहे. स्वागत करू. पण दहा मोजणार कोण? गोदामाच्या कागदावर असतात एक दिवाणजी आणि एक राखणदार. बारा जणांची टोळी मुकादमाची म्हणायची की संख्या दोनवर येते. कंत्राटी कामगारांची कलमे तर पन्नासच्या आत लागूच होत नाहीत.

म्हणून माझ्या मते आजही हमालाचे खरे हत्यार १९६९ चा माथाडी कायदा हेच आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला हा महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा. चढ-उतार, थप्पी, तोलाई ही कामे त्याच्या अनुसूचीतच आहेत. टोळी कोणाची हा वाद तो घालत नाही. मालक नोंदवा, हमाल नोंदवा, मजुरी आणि लेव्ही मंडळात भरा, असे तो सांगतो. नगरला माथाडी मंडळ आहे, हमाल पंचायत आहे. बाजार समितीच्या आवारात नोंदणी दिसते. पण गावोगावच्या खासगी गोदामांत आणि सुपा, नागापूरच्या पत्र्याच्या नव्या शेडमध्ये विचारून पाहा.

थप्पी नशिबाने कोसळत नाही. पोत्यांचे थर उलटसुलट, एकमेकांत गुंतवून लावले तर ती उभी राहते. घाईत सरळ एकावर एक चढवली तर फुगते. खाली लाकडी फळ्या नसल्या की जमिनीची ओल तळच्या पोत्यात शिरते, पोते बसते आणि भार एका अंगाला जातो. थप्पी वरून पायरी-पायरीने उतरवायची असते. गाडी दारात उभी आणि मुकादम ओरडतो आहे म्हणून मधले पोते ओढले, की झाले. माझ्या अशिलाच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. एकेकाळी पाठीवर क्विंटलचे पोते असे. संघटनांनी भांडून ते ५० किलोवर आणले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. वजन उतरले, पण मजुरी नगावर असल्याने घाई उतरली नाही.

दुसरा धोका डोळ्यांना दिसतही नाही. कीड मारायला ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. म्हणून थप्पी ताडपत्रीने हवाबंद करायची, दाराला फलक लावायचा, ठरलेले दिवस कोणी आत जायचे नाही आणि उघडल्यावर पुरेशी हवा खेळवायची. हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. प्रत्यक्षात ताडपत्री काढून गोळ्यांची राख झाडायला कोणाला आत पाठवतात? हमालीत सगळ्या जातींचे गरीब आहेत आणि थप्पी जात विचारत नाही. पण मी पाहिलेल्या गोदामांत ही झाडलोट रोजंदारीवरच्या बौद्ध आणि मातंग बायकांकडेच होती. तोंडाला पदर, एवढेच संरक्षण. त्या टोळीतही धरल्या जात नाहीत.

नगरवरून जाणारी दौंडची रेल्वे मनमाडला पोहोचते. तेथे फेब्रुवारी १९३८ मध्ये अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. त्याच भाषणातील साधा तपशील मात्र विसरतो. अस्पृश्याला पोर्टरचेही काम मिळत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरकाम करून घेतो, हे त्यांनी दाखवून दिले होते. कामाच्या कोणत्या पायरीवर कोणाला उभे केले आहे, हे ते मोजत होते. १९४६ मध्ये मजूरमंत्री म्हणून त्यांनी कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणले, तेही याच मोजणीतून.

आपल्या तालुका शाखांनी जयंतीच्या वर्गणीसाठी गोदाममालकाच्या दारात जाण्याऐवजी एकदा हमालांची यादी करायला जावे, असे मी सुचवले तेव्हा काही कार्यकर्ते नाराज झाले. होऊ देत. अपघात झाला तर दोन वर्षांच्या आत भरपाईचा दावा करायचा असतो, हे किती घरांना माहीत आहे? महिना १५ हजार वेतन धरले तर चाळीस वर्षांच्या मृत कामगाराच्या वारसांना १९२३ च्या कायद्याच्या कोष्टकाप्रमाणे १३ लाख ८१ हजार रुपये मिळत असत. मालक पन्नास हजार देऊन कोऱ्या कागदावर अंगठा घेतो.

माझ्या अशिलाच्या घरात एक जुनी वही सापडली. टोळीत हमाली कशी वाटली हे तो रोज रात्री त्यात लिहीत असे: तारीख, गाडीचा नंबर, पोती, वाट्याला आलेली रक्कम. गोदामाच्या आवक नोंदीशी त्यातल्या गाड्या जुळल्या. त्या वहीवर उलटतपासणी पूर्ण झाली आहे. मुकादमाची साक्ष अजून बाकी आहे. गेल्या दोन तारखांना तो आला नाही.