शेवटच्या महिन्यांतलं जांघेचं आणि कमरेचं दुखणं

कूस बदलताना जांघेत कळ निघते. जिना चढताना एका पायावर भार आला की पुढचं हाड चमकतं. सलवार घालायला पाय उचलावा तर भिंतीला धरावं लागतं. सातव्या-आठव्या महिन्यानंतर कितीतरी गरोदर बायकांची ही तक्रार असते. घरात सांगितलं तर "दिवस भरत आले की दुखायचंच" असं ऐकायला मिळतं आणि बाई गप्प बसते. साधारण पाच गरोदर स्त्रियांपैकी एकीला हा त्रास होतो. तो सर्रास आढळतो हे खरं, पण म्हणून तो अंगावर काढायचा असं नाही. दुखणं कशामुळे होतं हे कळलं, तर बराचसा त्रास घरच्या घरी कमी करता येतो.

दुखतं कुठे आणि का?

कमरेच्या खाली हाडांचं एक कडं असतं. मागे, माकडहाडाच्या वर, एक त्रिकोणी हाड असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खुब्याची दोन मोठी हाडं जोडलेली असतात. हीच दोन हाडं पुढे, ओटीपोटाच्या खाली, एकमेकांना मिळतात. म्हणजे मागे दोन सांधे आणि पुढे एक. पुढच्या सांध्यातली फट एरवी 4 ते 5 मिलिमीटरची असते. गरोदरपणात ती आणखी 2 ते 3 मिलिमीटरने वाढते.

बाळाला वाट मिळावी म्हणून या सांध्यांना बांधणारे पट्टे सैल होतात. त्यात पोटाचं वजन वाढतं, उभं राहण्याची ढब बदलते आणि पोटाचे स्नायू ताणले जातात. त्यामुळे हाडं घट्ट धरून ठेवण्याचं काम स्नायूंवर जास्त पडतं. दोन्ही बाजू सारख्या हलल्या तर फारसं बिघडत नाही. एका बाजूवर जास्त भार आला की सांध्यावर ताण पडतो आणि कळ उठते. पूर्वी कंबरदुखी झालेली असेल, पडल्याने मार लागलेला असेल किंवा मागच्या खेपेला हाच त्रास झाला असेल, तर तो पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते.

या दुखण्याने बाळाला इजा होत नाही. निदानासाठी सहसा एक्स-रेही लागत नाही. कुठे दुखतं आणि कोणत्या हालचालीने दुखतं हे विचारून, तपासून डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सांगू शकतात.

दोन्ही पायांवर सारखा भार

एक नियम लक्षात ठेवला तर बाकीचं आपोआप सुचतं: गुडघे जवळ ठेवा आणि भार दोन्ही पायांवर सारखा येऊ द्या.

अंथरुणातून उठताना आधी दोन्ही गुडघे वाकवा आणि एकमेकांना चिकटवा. खांदे, कंबर आणि गुडघे एकाच वेळी वळवून कुशीवर या. मग दोन्ही पाय एकदम पलंगाखाली सोडा आणि हातांनी रेटा देत उठून बसा. झोपताना कुशीवर झोपा आणि गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत मध्ये उशी ठेवा. जमिनीवरच्या गादीवरून उठणं फार जड जातं, म्हणून या दिवसांत पलंग मिळत असेल तर तो तुम्हीच घ्या.

सलवार किंवा परकर बसून घाला. जिना चढताना कमी दुखणारा पाय आधी वर टाका, उतरताना जास्त दुखणारा पाय आधी खाली. दर पायरीवर दोन्ही पाय आले की मग पुढची पायरी.

मांडी घालणं, उकिडवं बसून फरशी पुसणं, पाटावर तासभर बसणं यांत पाय फाकतात आणि सांधा ताणला जातो. डोहाळजेवणालाही खुर्ची मागून घ्या, त्यात काही कमीपणा नाही. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची खुर्ची बाजारात मिळते.

दुचाकीवर दोन्ही बाजूंना पाय टाकले तर सांधा ताणतो आणि एका बाजूला पाय घेऊन बसलं तर कंबर पिळली जाते. जमेल तितकं रिक्षानेच जा आणि चालकाला स्पीडब्रेकरवर हळू घ्यायला सांगा. बसताना आधी पाठमोऱ्या टेका, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या.

पाण्याचा दिवस

छत्रपती संभाजीनगरच्या अनेक वस्त्यांत नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. त्यामुळे पाणी आलं की पिंप, हंडे आणि बादल्या भरायची घाई उडते. या त्रासात सगळ्यात वाईट काम तेच. भरलेली बादली एका हातात घेऊन जिना चढताना सगळा भार एका बाजूला येतो. नवरा, दीर, सासूबाई, शेजारीण, कुणीही असो, त्या दिवशी बादली दुसऱ्याने उचलावी. गरोदर बाईने फार तर स्टुलावर बसून पाइप धरावा.

घराबाहेरच्या कामाचंही तसंच. शहराजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांनी आपला हक्क जाणून घ्यावा. प्रसूती लाभाच्या तरतुदींनुसार, गरोदर स्त्रीने मागणी केली तर अपेक्षित प्रसूतीच्या आधीचे सहा आठवडे सुरू होण्यापूर्वीचा एक महिना तिला जड किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येत नाही.

व्यायाम, पट्टा आणि औषध

लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते श्वास न रोखता काही क्षण आवळून सैल सोडायचे. हा व्यायाम दिवसातून थोड्या थोड्या वेळाने करता येतो. हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ हलकेच वर-खाली केली तर कमरेला आराम मिळतो. मात्र दोन्ही तळवे जुळवून गुडघे फाकवायचं आसन, उठाबशा आणि खोल बैठका "बाळंतपण सोपं जातं" म्हणून करायला सांगितल्या जातात. त्यांनी दुखत असेल तर त्या बंद करा. दुखणं सोसून केलेल्या व्यायामाचा फायदा नाही.

कमरेचा पट्टा पोटाखालून, खुब्यांवरून येतो. तो फिजिओथेरपिस्टकडून मापाने घ्या आणि चालताना, काम करताना वापरा. कमरेला कोमट शेक घ्यायला हरकत नाही, पण पोटावर शेक नको आणि जोर लावून केलेलं मालिशही नको.

पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घेता येतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक मात्र पाचव्या महिन्यानंतर स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका, कारण त्यांचा बाळाच्या मूत्रपिंडावर आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम होऊ शकतो. डायक्लोफेनॅकचं मलमही विचारल्याशिवाय लावू नका.

हे दुखणं वेगळं आहे

सांध्याचं दुखणं हालचालीने वाढतं आणि विश्रांतीने कमी होतं. पोट ठरावीक अंतराने कडक होऊन कळा येत असतील, अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, ताप किंवा लघवीला जळजळ असेल, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, एका पोटरीला सूज येऊन ती दुखत असेल, पायात बधिरपणा असेल किंवा लघवीवरचा ताबा गेला असेल, तर वाट पाहू नका. 108 ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा.

बाळंतपणाच्या वेळी

केवळ या त्रासामुळे सिझेरियन करावं लागत नाही. आठव्या महिन्यातच एक गोष्ट करून ठेवा: पलंगाच्या कडेला बसून, न दुखता गुडघ्यांत किती अंतर पडतं ते टेपने मोजा आणि कागदावर लिहा. प्रसूतीच्या वेळी पाय त्यापेक्षा जास्त फाकवू नयेत म्हणून तो आकडा डॉक्टर आणि नर्सला सांगा. कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवरही बाळंत होता येतं, तेही आधीच विचारून ठेवा. बहुतेकींचं दुखणं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतं. तसं झालं नाही तर पुन्हा दाखवा.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. शहरातल्या घाटी रुग्णालयात असा किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात, वजन आणि रक्तदाब झाल्यावर तिथून गप्प निघू नका. "जांघेत आणि कमरेत दुखतं, कूस बदलता येत नाही" हे स्पष्ट सांगा आणि फिजिओथेरपीला पाठवता येईल का ते विचारा. आणि घरातल्यांनो, तिने सांगायची वाट न पाहता बादली तुम्हीच उचला.