रेसेमो आणि खेळातले ट्यूनिंग

टाटा मोटर्सने मार्च २०१७मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात 'रेसेमो' ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार मांडली. ती विक्रीला कधीच आली नाही; 'फोर्झा होरायझन ३' या व्हिडिओ खेळात मात्र दाखल झाली. १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन चालकाच्या पाठीमागे, १९० पीएस ताकद, जोर मागच्या चाकांवर. ट्यूनिंग समजून घ्यायला ही मांडणी चांगली, कारण तिच्यात चूक लगेच दिसते.

अपग्रेड म्हणजे खेळातले पैसे मोजून नवा भाग बसवणे आणि ट्यूनिंग म्हणजे बसलेल्या भागांची जुळवणी. काही जुळवण्या त्या-त्या भागाशिवाय खुल्याच होत नाहीत. मूळ गिअरबॉक्सचे प्रमाण बदलता येत नाही, त्यासाठी स्पर्धेचा गिअरबॉक्स घ्यावा लागतो.

पैशापेक्षा मोठी अडचण गुणांची. प्रत्येक गाडीला कामगिरीचा अंक, म्हणजे एकूण गुण, असतो: ६०१ ते ७०० 'बी' वर्ग, ७०१ ते ८०० 'ए' वर्ग. नवा भाग बसला की बहुधा अंक वाढतो आणि शर्यत वर्गाच्या मर्यादेत लावायची असते. नवखे खेळाडू सगळे गुण इंजिनावर उधळतात. मग गाडी सरळ रस्त्यावर पळते आणि पहिल्याच वळणावर कुंपणात जाते. वळणांच्या रस्त्यासाठी टायर आणि वजन यांवर आधी खर्च करावा, ताकद उरलेल्या गुणांत बसवावी.

जुळवणीची सुरुवात टायरच्या हवेपासून करावी. हवा थोडी कमी केली की टायर रस्त्याला जास्त टेकतो; फार कमी केली तर गाडी स्टिअरिंगला उशिरा दाद देते. वळणात मागची बाजू घसरत असेल तर मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे रोखणारा दांडा) सैल करावा, पुढची बाजू बाहेर ओढली जात असेल तर पुढचा. कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल. चाकाचा माथा किंचित आत झुकवला की वळणात बाहेरचा टायर सपाट बसतो, पण अति कल दिल्यास सरळ रेषेतले ब्रेकिंग बिघडते. फायनल ड्राइव्हचे, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या गिअरचे, प्रमाण वाढवले की गाडी झटकन वेग घेते, कमाल वेग घटतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच रस्त्यावर पुन्हा चालवून पाहावे. नाहीतर फरक कशाने पडला हे कळत नाही.

भोकरदन-जालना रस्त्यावरच्या खऱ्या गाडीला ही मुभा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.