जपानांतील एक कन्याशाळा आणि आपलें हिंगणें

शाळा संपली म्हणजे आपल्याकडे मुलीच्या शिक्षणाचा विचार पुन्हां पहिल्यापासून करावा लागतो. कॉलेज कोठें, राहावयाचें कोठें, खर्च कसा झेपणार, असे प्रश्न घरोघर उभे राहतात आणि पुष्कळदां शिक्षण तेथेंच थांबतें. जपानांत विद्यापीठाला जोडलेल्या शाळा असतात. त्यांत शिकणाऱ्या मुलीला पुढची वाट आधींच दिसत असते. अशा एका शाळेचा महाराष्ट्राशीं निकटचा संबंध आहे, म्हणून तिची माहिती येथें देत आहें.

जिन्झो नारुसे हे पूर्वीं ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्यांनीं १९०१ च्या एप्रिलांत टोकियो येथें महिला-विद्यापीठ स्थापिलें व त्यास जोडून मुलींचें हायस्कूलहि उघडलें. आरंभीं एकंदर ५१० विद्यार्थिनी होत्या. त्यांतील २८८ हायस्कुलाच्याच. स्त्रीला प्रथम मनुष्य म्हणून, मग स्त्री म्हणून व मग राष्ट्राची नागरिक म्हणून शिकवावें, असें नारुसे यांचें म्हणणें होतें. हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. आपल्याकडे कित्येक घरीं तो अजून उलटा धरतात! वसतिगृहांत मुलींचीं लहान लहान कुटुंबें केलेलीं असत. प्रत्येकावर एक वडीलधारी बाई देखरेख करी, आणि स्वयंपाकपाणी मुली पाळीपाळीनें करीत. आज हें हायस्कूल कावासाकी शहरांत इकुता येथें गर्द झाडींत आहे. विद्यार्थिनींच्या स्वयंशासनावर तेथें विशेष भर असतो, आणि बऱ्याच मुली पुढें त्याच विद्यापीठांत जातात.

या विद्यापीठाची माहितीपुस्तिका १९१५ सालीं अण्णासाहेब कर्वे यांच्या हातीं पडली. त्याच डिसेंबरांत मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. तेथें त्यांनीं महिला-विद्यापीठाची कल्पना मांडली व १९१६ सालीं ती प्रत्यक्षांत आणली. टोकियोस विद्यापीठ व शाळा एकदमच निघालीं; हिंगण्यास शाळा आधींच चालू होती, तिच्या पुढें कॉलेज व विद्यापीठ आलें. शिक्षण मराठींतून ठेविलें. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं मातोश्रींच्या नांवें १५ लक्ष रुपयांची देणगी दिली, तेव्हां पैशाची विवंचना बरीच हलकी झाली. मात्र सरकारनें कायद्यानें दिलेली मान्यता १९५१ सालीं मिळाली. तोंपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षें, सरकारदरबारीं न चालणाऱ्या पदवीसाठीं आईबाप आपल्या मुलींना तेथें पाठवीत राहिले.